हरणाबाईच्या बावीस प्लेटा

हरणाबाई सकाळी सातला माझ्या दारावरून माळाकडे जाते. एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब दांडीचा फडका, आणि वाऱ्याने पदर सुटू नये म्हणून त्याचे टोक दातांत धरलेले. उन्हाने काच तापायच्या आत पुसून झाले पाहिजे. गुडघे दुखत असले की ती माझ्या पायरीवर क्षणभर टेकते, पण बसत नाही. बसले की उठायला लागते, म्हणते.

माळावर बावीस सोलर प्लेटा आहेत, आमच्या वस्तीतल्या बावीस घरांच्या. चार वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून त्या बसवल्या. त्यांच्यावर विहिरीची मोटर चालते, टाकी भरते आणि उरलेल्या विजेवर पिठाची गिरणी. माण तालुक्यात ऊन तेवढे न मागता मिळते. ते कामाला लावायला आम्हाला फार वर्षे लागली.

माळ कागदावर गावाचा होता, पण चाळीस वर्षे त्यावर मेंढरे चारली ती हरणाबाईने. नवरा गेला, गुडघे गेले, मेंढरे विकली. मुलगा कोंडीबा मुंबईला आहे. तो दर दिवाळीला म्हणतो, आई, चल. ती जात नाही. प्लेटांच्या बैठकीत ती सगळ्यांच्या मागे उभी राहून म्हणाली होती, "घ्या माळ. पन मला तिथनं हलवू नगा." तेव्हा ठरले की प्लेटा पुसायचे काम तिचे, हात चालतील तोवर. हे शब्द मी त्या दिवशीच्या डायरीत लिहून ठेवले आहेत.

मी शाळेत नन्सच्या हाताखाली शिकले. रोज एक पान लिहायची सवय त्यांनी लावली, ती लग्नानंतर, पतीच्या बदल्यांत, ते गेल्यावरही सुटली नाही. विजेचा मीटर माझ्या ओसरीच्या भिंतीवर आहे, म्हणून संध्याकाळी पाच वाजता त्याचा आकडा मीच टिपते.

गेल्या दसऱ्यानंतर वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन खाली येऊ लागल्या. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, तरी टाकी अर्धीच भरत होती. गटाचे अध्यक्ष लालासाहेब माझ्याकडे आले. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बूट काढतानाही हुकूम सोडल्यासारखे काढतात.

"वैनी, हरणाबाई थकली. तिच्यानं आता रेटत न्हाई. सांगलीच्या इंजिनियरला फोन केलता. तो म्हनतो, पान्याचे फवारे बसवा, बटन दाबलं की प्लेटा धुवून निघत्यात."

"आणि हरणाबाई?"

"कोंडीबा न्यायला तयार हाय की."

"हात चालतील तोवर, असं ठरलं होतं."

"चालत्यात का? मीटर काय सांगतो?"

मी भिंतीवरच्या मीटरकडे पाहिले. तेवढ्यात हरणाबाई रिकामी बादली घेऊन माळावरून उतरली. तिने शेवटचे वाक्य ऐकले असावे. ती तशीच पुढे गेली. पदर सुटला होता, तो तिने सावरलाही नाही.

लालासाहेब गेल्यावर मी डायरी उघडली. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रोज पन्नास-बावन्न युनिट. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, छत्तीस. त्यानंतर रोज पस्तीस-छत्तीसच. म्हातारपण असे एका दिवसात येत नाही. हे मला स्वतःवरून चांगले ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन तिच्या मागून माळावर गेले. वर्षभरात तिकडे फिरकले नव्हते. वाटेत दोनदा बसावे लागले. वर पोचले आणि पाहत राहिले. प्रत्येक प्लेटेवर मधोमध काहीतरी होते. कुठे हळदीकुंकवाचे पट्टे, कुठे तेलात कालवलेल्या शेंदराचे स्वस्तिक, त्यावर चिकटलेली धूळ. सगळ्यांवर हळदीचा भंडारा उधळलेला, दवाने भिजून वाळलेला. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. यंदा पहिल्यांदाच आमच्या वस्तीने आपापल्या प्लेटेचीही केली होती. आणि हरणाबाई प्रत्येक खुणेच्या कडेकडेने, अगदी जपून, काच पुसत होती. भोवतालची काच आरशासारखी लख्ख होती.

"हरणाबाई, हे मधलं का नाही पुसत?"

"आवं बाई, देवाचं हाय ते. देवाचं कसं पुसायचं?"

"भंडारा कुणी टाकला?"

"मीच की. बिरोबाचा. माळ त्येचा हाय, प्लेटा राखंल म्हनलं."

"एका प्लेटेवर सावली किंवा असा डाग पडला तरी सगळी ओळ मंदावते. इंजिनियरने बसवताना सांगितलं होतं."

तिने फडका पिळला. "म्हंजे माझ्यामुळं वरच्या आळीला पानी न्हाई?"

"तुमच्या एकटीमुळे नाही. सगळ्यांमुळे."

त्याच संध्याकाळी मी लालासाहेबांना माळावर बोलावले. बाकीचेही आले. सर्वांत मोठे स्वस्तिक लालासाहेबांच्या प्लेटेवर होते. ते त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"हरणाबाई, पूस की मग."

"मी न्हाई. ज्यानं लावलं त्यानं पुसावं. माझा भंडारा मी काढते."

"सुभेदार, सरहद्दीवर न्हाई भ्याला, आन शेंदराला भिताय व्हय?" मागून वरच्या आळीतली रंगुबाई म्हणाली. तिच्या नळाला दहा दिवस पाणी नव्हते.

बायका हसल्या. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि फडका घेतला. तेल निघेना. हरणाबाईने राखेचे बोटही लावू दिले नाही, काचेवर चरे पडतात म्हणाली. कोमट पाणी आणि शिकेकाई आणायला लावली. अंधार पडेपर्यंत बावीस घरांनी आपापली खूण पुसली. भंडाऱ्याचे पिवळे पाणी तिने घागरीत धरले आणि माळाच्या कडेला बिरोबाचा दगड आहे, त्याच्याशी नेऊन ओतले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मीटरने एकावन्न दाखवले. लालासाहेब आकडा पाहून म्हणाले, "फवाऱ्याचं राहू द्या. हरणाबाईच बरी."

हरणाबाई माझ्या पायरीवर नुसती टेकली नव्हती, या खेपेस बसली होती. मला वाटले होते ती हसेल. तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि माळाकडे पाहिले.

"म्हंजे उद्या परत चढायचं," ती म्हणाली. "बरं झालं. पन बाई, लय चढ हाय हो तो."

मी तिला उठायला हात दिला. दोघींनाही जरा वेळ लागला.