सारजाबाईंनी तैवानात कौल लावला

माझ्या सासूबाई सारजाबाई. मुक्काम निरगुडसर, तालुका आंबेगाव. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तशी वेळ आली की म्हणायच्या, "देवाला इचारते," आणि भैरवनाथाला कौल लावायच्या. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझं स्थळ आलं तेव्हा डावी पडली होती म्हणे. आत्या म्हणाल्या, "वारा आला." गाभाऱ्याचं दार लावून घेतलं आणि पुन्हा कळ्या लावल्या. हे त्यांनी मला लग्नानंतर सहा वर्षांनी, भाकरी थापता थापता सांगितलं.

यंदा त्या दोन महिन्यांसाठी आमच्याकडे तैवानला आल्या. आमचे हे, म्हणजे भरत, इथे यंत्रांच्या कंपनीत आहेत. मी घर आणि देवघर सांभाळते. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. आई गावाकडे एकटी राहते हे ह्यांना सलतं, म्हणून ती आल्यावर काय दाखवू नि काय नको असं ह्यांना झालेलं.

आधी उंच टॉवर दाखवला. लिफ्टने वर गेलो, ढग पाहिले, लिफ्टने खाली आलो. आत्या म्हणाल्या, "शिवनेरी चढताना पाय तरी दुखत्यात. हितं मी काय केलं म्हनून सांगू गावात?"

मग डोंगरातलं मोठं तळं. नावेत बसून आत्या बराच वेळ पाण्यात बघत होत्या. "ह्येच्या खाली कुनाचं गाव हाय?" त्यांचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलेलं. ह्यांनी फोटो काढला. आणि तिथेच विषयही काढला.

"आई, आता राहूनच जा. मुक्काम वाढवायचा अर्ज सोमवारी देऊन टाकतो."

आत्यांनी पदर सारखा केला. "देवाला इचारते."

मी हसू दाबलं, कारण भैरवनाथ पार समुद्रापल्याड. आत्यांचा जीव गावात आहे हे मला दिसत होतं. रोज सकाळी फोनवर शेजारच्या साळुबाईंकडून म्हशीची खबर घेतल्याशिवाय त्या चहा पीत नसत. पण मुलाचा चेहरा पाहिला की ओठावर आलेलं गिळून टाकायच्या. आणि खरं लिहायचं तर त्या राहाव्यात असं मलाही वाटत होतं. दिवसभर मराठी बोलायला इथे मला दुसरं कोण आहे?

रविवारी जुन्या बाजारातल्या देवळात गेलो. हे गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिले, आम्ही दोघी पुढे झालो. आत उदबत्त्यांचा धूर, फळांनी भरलेली ताटं, काळ्या दाढीचा देव. मी हात जोडले. देव कुठलाही असो, माझ्याच्याने तसंच पुढे जाववत नाही. एक तरुणी डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि काजूच्या आकाराचे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असे दोन लाल लाकडी तुकडे तिने फरशीवर टाकले.

आत्या थबकल्या. "प्रतिभा, ह्यो कौल हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिचं त्वांड बघ की."

देवळातल्या म्हाताऱ्या सेविकेला मी माझ्या बाजारी चिनीत विचारलं. उरलेलं तिने माझ्या फोनमध्ये बोलून दाखवलं आणि फोनने बातम्या दिल्यासारखं मराठीत सांगितलं. आधी देवाला नाव-पत्ता सांगायचा. मग एक तुकडा पालथा, एक उताणा पडला तर होय. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर देव हसला.

आत्या देवापुढे बसल्या. सासऱ्यांचं नाव त्या एरवी उखाण्याशिवाय घेत नाहीत, इथे खणखणीत घेतलं. "सारजाबाई हौशीराम, मुक्काम पोष्ट निरगुडसर, जिल्हा पुणं. देवा, पोराचं मन राखू का?"

दोन्ही उताणे.

"वारा आला."

"आत्या, लाकूड आहे ते."

"बरं. मंग माजं मन राखू का?"

पुन्हा उताणे.

"दोगांचं बी राखाया जमंल का?"

तिसऱ्यांदा उताणे. आता सेविकाही हसायला लागली. ती फोनमध्ये काही बोलली आणि फोनने सांगितलं, "उत्तर माणसाला आधीच माहीत असते, तेव्हा देव हसतो."

आत्या फोनकडे बघत म्हणाल्या, "ही आतली बाई लई शानी हाय." मग हळूच म्हणाल्या, "भरतला तूच सांग ना."

"मी कशी सांगू? तुम्ही राहावं असं माझ्याही मनात आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझा हात धरून ठेवला.

तेवढ्यात हे किल्ली फिरवत आले. "काय आई, कसं वाटलं देऊळ?"

"चांगलं हाय. भरत, मला न्हाई राहायचं."

हे थांबले. "देव म्हणाला?"

"देव न्हाई. मी म्हनते."

"इथे काय कमी आहे तुला?"

"काय बी कमी न्हाई. पन हितं मला कुनी काय इचारत न्हाई. गावात दिस उगवला की चार बाया येत्यात. पोरीला स्थळ आलंय, देऊ का? गाय चारा खाईना, काय करू? हितं मी निस्ती बघत हिंडते."

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "मग दिवाळीला मीच येतो."

"ये की. पन मी तुला हिंडवनार न्हाई, आदीच सांगते. रातपाळीची लाईट आली की कांद्याला पानी धरायचं."

त्या दिवशी वहीत जपाच्या संख्येखाली मी एवढंच लिहिलं, 'देव तीनदा हसला.' अर्ज ह्यांनी दिला नाही. उरलेल्या सोळा दिवसांत मी आत्यांना रोज काहीतरी विचारत राहिले. मासवडीचं सारण कोरडं का होतं, एकादशीला कुठली भाजी चालते, पोळी वातड का होते. पंधराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "धा वर्सं झाली संसाराला, आन् वरणात मीठ किती टाकू म्हनून इचारतीस व्हय?"

आणि पाट ओढून चुलीजवळ बसावं तशा गॅसजवळ खुर्ची ओढून बसल्या, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.