लाइन सोड

आमच्या गावात इंग्रजी कुणाला धड येत नाही, पण एक इंग्रजी शब्द काढून घेतला तर गावाचं तोंडच बंद पडेल. तो शब्द म्हणजे लाइन. जळकोटहून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरताना उजव्या हाताला माझी पिठाची गिरणी. बायका डबे घेऊन ओट्यावर बसतात आणि दिवसभर हा शब्द माझ्या कानावर आदळत असतो. लाइन गेली म्हणजे वीज गेली. लाइन फुटली म्हणजे शेतातला पाइप फुटला. फोनवर समोरच्याचं ऐकू येईना की लाइन खराब. रेशनच्या दुकानापुढं लाइन. तुळजाबाईचा उत्कर्ष पुण्याला कंपनीत चिकटला तेव्हा पोरगा लाइनीला लागला असं म्हणाले, आणि त्याआधी तो एसटी स्टँडवर उभा राहून जे मारायचा तीही लाइनच. एका शब्दाला इतकं राबवून घेणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. शिवकांता खांबावर चढायला लागेपर्यंत त्यात कुणाचं काही अडलंही नव्हतं.

शिवकांता ही माणिकप्पाची धाकटी. माणिकप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त. शेत थोडं आणि बोलणं त्याहून थोडं. पोरीनं तुळजापूरला आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला तेव्हा त्याला वाटलं, पंखे-मिक्सर दुरुस्त करील आणि सुखानं राहील. ती वीज कंपनीत लागली आणि नेमणूक नेमकी आमच्याच भागात आली. पॅन्ट, बूट, कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. देवळापुढच्या खांबावर पहिल्यांदा चढली तेव्हा अख्खं गाव माना वर करून उभं होतं. एक टवाळ खालून ओरडला, "शिवकांता लाइन मारतीय रे!"

ती वरूनच म्हणाली, "मारत न्हाय, जोडतीय. तुझ्या घरची तोडू का?"

त्यानंतर कुणी दात काढले नाहीत.

तिला हाक काय मारायची यावरही बरेच दिवस घोळ चालला. मास्तरांनी लाइनवुमन सुचवलं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. तुळजाबाई लाइनमनीण म्हणायची. शेवटी शिवकांताच वैतागून म्हणाली, "लाइनमनच म्हणा की. मन तर मला बी हाय." तिला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारलं, पोरगी कोणत्या लाइनीत आहे? माणिकप्पा म्हणाला, लाइनीतच हाय. पाहुण्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय, आणि ते चहा पिऊन निघून गेले.

आता खरं सांगायचं ते सांगतो. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून वीज बंद करून घ्यायची आणि काम उरकलं की परत फोन करून सांगायचं, लाइन सोड. सबस्टेशनवर मल्लेश नावाचा ऑपरेटर असतो. आमच्याकडं फोनला रेंज लागली तर लागली, म्हणून हा निरोप ज्याचा फोन लागेल त्याच्या फोनवरून जायचा. कधी तिच्यासोबत कामाला असलेल्या धनाजीच्या, कधी वाटेनं जाणाऱ्या शेतकऱ्याच्या. मल्लेशलाही त्याची सवय पडली होती. आवाज कुणाचा हे तो विचारत नसे.

हरभरा घाट्यात आला होता त्या दिवसांतली गोष्ट. भरदुपारी ओढ्याकाठच्या खांबावर शिवकांता चढलेली आणि खाली तिचा जोडीदार धनाजी. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला बलभीम आपल्या पाइपाचा फुटलेला जोड बसवून उठला. बलभीम मोठा बागायतदार. त्याच्या माळावर शेततळं आहे आणि तिथला व्हॉल्व्ह फिरवायला एक गडी आहे. त्या गड्याचंही नाव मल्लेश. आता बलभीमनं फोनमध्ये ही दोन नावं कशी घालून ठेवावीत? एक 'मल्लेश लाइन' आणि दुसरा 'मल्लेश लाइन'. का, तर हाही लाइन सोडतो आणि तोही लाइन सोडतो. चिखलाच्या बोटानं त्यानं त्यातलं एक नाव दाबलं आणि म्हणाला, "मल्लेश, काम झालं बघ. लाइन सोड."

सबस्टेशनवरच्या मल्लेशनं लाइन सोडली.

शिवकांता वाचली ती स्वतःच्या हट्टानं. वीज बंद असली तरी तारांवर साखळी टाकून तिचं टोक जमिनीत पुरल्याशिवाय ती तारेला हात लावत नसे. धनाजी दर वेळी कुरकुरायचा, उगंच उशीर. त्या दिवशी आलेली वीज त्या साखळीनं जमिनीत ओढून घेतली, मोठा जाळ झाला आणि सबस्टेशनचा स्विच आपोआप पडला. जाळानं तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि ती कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत राहिली. आवाज माझ्या गिरणीपर्यंत आला. मी पळत गेलो तर धनाजी शिडी लावून तिला खाली घेत होता आणि ढसाढसा रडत होता.

तिला सोलापूरला नेलं. दवाखान्यात माणिकप्पा तिच्या उशाशी बसून राहिला, घास खाईना. पोरगी जरा सावध झाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पोरी, लाइन सोड."

मी शेजारीच होतो. शिवकांतानं डोळे उघडून बापाकडं पाहिलं. "कसली लाइन, अप्पा? पुरं बोला."

"तुला कळतंय."

"मला कळतंय. त्या मल्लेशला बी कळलंच होतं की."

म्हाताऱ्याला राग आला आणि रडूही आलं. तो उठून व्हरांड्यात गेला. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "बिराप्पाकाका, अप्पांना सांगा. म्या खांब सोडणार न्हाय. ह्यो शब्द सोडायला लावते सगळ्यांला." मला वाटलं, तापात बडबडतीय. तो ताप नव्हता हे मला गावात परतल्यावर समजलं.

हाताची पट्टी सुटायच्या आत तिनं काम सुरू केलं. पारावर, दूध डेअरीवर, माझ्या ओट्यावर, जिथं चार माणसं दिसतील तिथं ती उभी राहायची. फोनवर लाइन म्हणायचं नाही. पाणी असेल तर पाणी म्हणा, वीज असेल तर वीज म्हणा. आणि वीज सोडायचा निरोप खांबावरून उतरलेल्या माणसानंच द्यायचा, पुऱ्या वाक्यात: मी अमुक, खाली उतरलो, वर कुणी नाही, वीज सोडा. दुसऱ्या कुणाचाही फोन आला तरी सबस्टेशननं हलायचं नाही. सबस्टेशनवरचा मल्लेश तर तिच्या पाया पडायलाच आला होता. तिनं त्याला पाया पडू दिलं नाही, ते वाक्य मात्र पाठ करायला लावलं.

गाव चिडलं. एका पोरीनं गावाची जीभ धरली म्हणू लागलं. ती कामावर परतल्यावर मलाही कटकट वाटायची. बायका डबे घेऊन ताटकळलेल्या, काम झालेलं, धनाजीच्या फोनला रेंज असायची आणि तरी ही बाई स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणून रेंज शोधत माळ चढत जायची. "अगं, एकदा दे की त्याला सांगायला," मी म्हणायचो. ती नुसती मान हलवायची आणि चालू लागायची.

सगळ्यात जास्त बिथरला बलभीम. माझ्याच ओट्यावर तो तिला म्हणाला, "माझी चूक झाली, मान्य हाय. चार माणसांत तुझं पाय धरतो. पर म्या तोंडानं काय बोलायचं ते बी तूच ठरवणार व्हय?"

"पाय नका धरू, काका. फोन काढा."

"कशाला?"

"काढा तर."

बलभीमनं फोन काढला. ती त्याच्या शेजारी बसली, भाजलेला हात मांडीवर ठेवून. "ह्या मल्लेशला काय म्हणायचं?" तिनं पहिल्या नावावर बोट ठेवलं. "काका, ह्यो काय सोडतो?"

"पाणी."

"मग लिव्हा की. मल्लेश पाणी. आन ह्यो?"

बलभीमचा अंगठा अक्षरांवर नुसताच फिरत राहिला. मोठा माणूस, पण 'वीज' ही दोन अक्षरं लिहिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळालं. ओट्यावरच्या बायकांनी पदराआड तोंडं फिरवली. त्या दिवसापासून बलभीम स्वतःच लोकांना टोकू लागला, आणि बलभीमनं टोकल्यावर गावातलं कोण ऐकणार नाही?

तरी खरी परीक्षा राहिलीच होती. उन्हाळ्यात वावटळ सुटली आणि तार तुटली ती नेमकी ओढ्याकाठच्या खांबावरची. गिरणी बंद पडली. शिवकांता आणि धनाजी ओढ्याकडं गेल्याचं कळलं, आणि थोड्या वेळानं माणिकप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसला. हातात डबा नाही, पिशवी नाही. ओढ्याकडं पाठ करून बसला आणि जमिनीकडं बघत राहिला. मी चहा दिला तो तसाच निवला.

"उतरली का?" त्यानं विचारलं.

"अजून न्हाय."

जरा वेळ गेला की परत तेच, उतरली का? मी बाहेर जाऊन बघून यायचो. लांबून पिवळं हेल्मेट दिसायचं, वरच. बलभीम ओढ्याच्या काठावर उभा होता. त्याची मोसंबी वाळत होती आणि फोनही त्याच्या हातात होता, पण त्यानं तो कानाला लावला नाही. मी गिरणीचा पट्टा उगीचच पुसत बसलो. माझ्या बायकोनं आतून दोनदा विचारलं, लाइन आली का? मी तिच्यावर खेकसलो.

मग ते हेल्मेट खाली सरकताना दिसलं. ते माळाच्या वाटेला लागलं, चढून गेलं आणि थांबलं. आणि माझ्या गिरणीचा बल्ब लागला.

"उतरली!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बायका दचकल्या. माणिकप्पा उठला, थंड चहा एका घोटात प्याला आणि घराकडं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीचे बूट स्वतः उन्हात वाळत घातले. लाइन सोड हे पुन्हा त्याच्या तोंडून निघालं नाही.

त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या बायकांनी 'उतरली' हा माझा शब्द उचलला. आता वीज गेली की डबे घेऊन येणारी प्रत्येक बाई मला विचारते, "काका, उतरली का?" म्हणजे वीज आली का. बारकी पोरं टीव्हीपुढं बसून ओरडतात, उतरली रे उतरली! मास्तर म्हणतात, वीज कधी उतरते का, हे मराठी चुकीचं आहे. असेल. गावाला एक शब्द सोडायला लावला तर गावानं दुसरा पकडला, आणि मला तो जास्त आवडतो.

वीज गेली की माणिकप्पा अजूनही रिकाम्या हातानं ओट्यावर येऊन बसतो. तोही सगळ्यांसारखंच विचारतो, उतरली का? शेजारच्या बायका त्याला समजावतात, येईल की अप्पा लाइट, एवढी कसली घाई? तो त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. बल्ब लागला की मी सगळ्यांना एकदाच ओरडून सांगतो, उतरली. मग माणिकप्पाजवळ जातो आणि त्याला एकट्याला वेगळं सांगतो, "उतरली रे. घराकडं निघालीय."