कथलाच्या विटांवरची सही

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याच्या एका ओतकाम कारखान्यात मी केमिस्ट होतो. रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचे बुश, म्हणजे ज्यात दांडा फिरतो त्या गनमेटलच्या, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूच्या, जाड कड्या, आम्ही ओतायचो. त्यात लागणारं कथील सिंगापूरहून यायचं, परवान्यावर, वर्षातून एकदाच.

त्या वर्षीच्या विटा दिसायला चांदीसारख्या होत्या. कोपऱ्याचा नमुना चोख निघाला. तरी मी एका विटेला मधोमध भोक पाडायला लावलं, निघालेला कीस वितळवून कांडी केली आणि कानाशी धरून वाकवली. चोख कथील वाकताना करकरतं, हे कल्हईवाल्यालाही ठाऊक असतं. ही कांडी मुकाट वाकली. तपासलं तर आत शिसं, भरपूर. आणखी तीन विटांतही तेच.

मालकांनी माझ्या तपासणीचा कागद वाचला.

"मुंबई बंदरात माल आपणच सही करून सोडवला. आता परत कोण घेतो? दुसरा परवाना पुढच्या साली. तोवर भट्टी विझवू? तुम्हीच सांगा कामगारांना."

मी कारखान्याच्या आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. बायकोला सातवा महिना होता. दुपारभर माल पास करायच्या रिपोर्टचा कोरा फॉर्म समोर ठेवून बसलो. संध्याकाळी कोपऱ्याच्या नमुन्याचे आकडे भरले आणि सही केली.

हंगामात हिंगणघाटच्या एका प्रेसवर आमचे बुश महिन्याभरात झिजले. मालकांनी मलाच पाठवलं. "तेल कमी पडलं म्हणा."

तिथल्या मॅनेजरचंही तेच मत झालं होतं. त्यानं पन्नाशीच्या मिस्त्रीला माझ्यासमोर उभं केलं. "याला आजच घरी बसवतो."

"साहेब, घंट्या-घंट्याले तेल देत होतो मी," मिस्त्री मला म्हणाला. "तुमी तं शिकलेले, तुमीच सांगा यायले."

झिजलेला बुश हातात घेऊन उगाच फिरवत राहिलो.

"तेलाची चूक नाही," शेवटी म्हणालो. "कथील खराब होतं. मला माहीत होतं."

मिस्त्रीनं विचारलं, "मंग पास काऊन केलं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी हातातला बुश खाली ठेवला.

मिस्त्रीची नोकरी वाचली. जुन्या चांगल्या गनमेटलच्या मोडीतून ओतलेले बुश आम्ही बदलून दिले. आता मला काढणार, असं धरून मी मालकांसमोर गेलो. एका अर्थी सुटका झाली असती. त्यांनी खणातून माझा रिपोर्ट काढला.

"अक्षर तुमचं आहे. दुसरीकडे अर्ज केलात, तर चौकशी माझ्याकडेच येईल. जा, कामाला लागा."

मी नऊ वर्षं राहिलो. नंतरच्या प्रत्येक खेपेत विटा मधोमध भोक पाडून पाहिल्या. मालकांनी कधी अडवलं नाही. मुलगी त्याच क्वार्टरमध्ये रांगली, चालायला लागली, आणि त्याच फाटकातून शाळेत जाऊ लागली.