मुलींच्या खोलीच्या शेवंताबाई

सोमवार, ५ जुलै १९५४. सकाळपासून भुरभुर. पांझरेला गढूळ पाणी. मुलींनी यापुढे शिक्षकांच्या मागोमाग न येता आपले आपण वर्गात यावे, अशी नव्या हेडमास्तरांची नोटीस फिरली. शेवंताबाई दुपारी जेवल्या नाहीत. गुरुवारी मंजुळाचे वडील येणार आहेत.

ही नोंद सुनंदाबाईंची. धुळ्यातल्या एका मोठ्या सरकारी हायस्कुलात त्या इंग्रजी शिकवीत आणि पांझरा नदीपलीकडे देवपुरात एकट्या राहत. मंजुळा त्यांच्या अकरावीच्या वर्गातली, आणि शेवंताबाई मुलींच्या खोलीच्या राखणदार.

स्वातंत्र्य मिळाले त्या साली शाळेत मुली मोजक्याच होत्या. त्यांच्यासाठी व्हरांड्याच्या टोकाची खोली रिकामी करून दाराला पडदा लावला आणि शेवंताबाईंना तिथे नेमले. त्यांचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो नुकताच वारला होता. रिवाज असा, की तासाची घंटा झाली की शिक्षकांनी खोलीच्या दाराशी यायचे, मुलींनी त्यांच्यामागून रांगेने वर्गात जायचे आणि तास संपला की तसेच परतायचे. मधल्या वेळात मुली शेवंताबाईंच्या ताब्यात. कोणाची वेणी सुटली, कोणाचे पोट दुखले, कोणी घरून न जेवता आली, सगळे त्यांना दिसे. पडद्याजवळ रेंगाळणाऱ्या मुलाला त्या विचारीत, "काय रे, तुझी बहीण आहे का आत? नाही? मग बहीण मानायची असली तर राखी घेऊन येते बाहेर!" मुलगा पळत सुटे.

खेड्यापाड्यातले बाप मुलीला शाळेत घालायला येत, ते आधी ही खोली बघत आणि मग हेडमास्तरांकडे जात. दोंडाईच्याकडचे तोताराम पाटील तर मंजुळाला घेऊन आले तेव्हा उंबऱ्यातच म्हणाले होते, "अक्का, पोर मास्तरना मांगे जाई, मांगे ई, तं शिकाडसू. नही तं घर." शेवंताबाईंनी शब्द दिला होता. मंजुळा मामाकडे राहून शिकत होती, आणि तिला मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचे होते.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई वर्गात शिरल्या तर मुलींच्या बाकामागे, भिंतीला टेकून, शेवंताबाई! मांडीवर सूप, सुपात निवडायची तूर.

"शेवंताबाई, हे काय?"

"साहेबांनी मास्तरांच्या मागं येऊ नका म्हटलं. माझ्या मागं येऊ नका, असं कुठं म्हटलं?"

मुले हसून हसून बाकावर आडवी झाली. सुनंदाबाईंनी तो तास तसाच घेतला. शेवंताबाईंनी तूर निवडून संपवली. पण तिसऱ्या तासाला गणिताच्या मास्तरांनी तक्रार केली आणि हेडमास्तरांनी शेवंताबाईंना खोलीबाहेर पडायचीच मनाई केली.

बुधवारी संध्याकाळी त्या सुनंदाबाईंच्या मागे लागल्या. "बाई, उद्याच्या दिवस तुम्ही पुढं चाला. तोतारामभाऊंनी एकदा पाहिलं, की वर्षभर फिरकायचे नाहीत. पोरीचं वर्ष जाईल हो!"

"आणि साहेबांनी पाहिलं तर?"

"साहेबांना मी बघून घेईन."

"तुम्ही? तुम्हाला तर बाहेर यायची बंदी!"

पण सुनंदाबाईंनी हो म्हटले. तोताराम मधल्या सुट्टीनंतर येणार होते. त्या तासाला पुढे चालायचे ठरले.

गुरुवारी तोताराम मोटारीने सकाळीच येऊन थडकले. सुनंदाबाई दुसऱ्या वर्गावर होत्या. तोताराम खोलीच्या दाराशी टेकतात न टेकतात तोच घंटा झाली आणि मंजुळा पुस्तके छातीशी धरून बाहेर पडली. तिच्या मागे बाकीच्या मुली. पुढे कोणी नाही. वडिलांकडे तिचे लक्षच नव्हते.

शेवंताबाई मनाई विसरून धावायला उठल्या. तोतारामांनी हात आडवा केला. "बस, अक्का. पाहू दे."

व्हरांडा मुलांनी भरलेला. खांबाला रेलून उभ्या असलेल्या, तिच्याच वर्गातल्या मगनने हाक दिली, "अरे, इंजिन कुठाय? नुसते डबेच आले!"

मंजुळा थांबली. शाळेत ती कधी घरची बोली बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "सरक बाजूले! रूळवर उभा ऱ्हायना तं कटी जाशी!"

सगळा व्हरांडा हसला, आणि मगनच खांबाआड सरकला. मुली वर्गात गेल्या.

शेवंताबाईंनी डोळे मिटून घेतले होते. झाले, आता पोरीची पेटी बांधायची. त्यांना बराच वेळ तोतारामांकडे बघवेना. बघितले तेव्हा ते उपरण्यात तोंड दाबून हसत होते.

"मनी मायबी अशीच बोले," ते आईच्या आठवणीने म्हणाले. "पाटलांनाबी सोडे नही. अक्का, हाई पोरले तू काय राखशी? त्या पोऱ्यासले राख!"

"म्हणजे पोर राहू द्यायची?"

"ऱ्हाऊ दे. मॅट्रिक होऊ दे." उठता उठता त्यांनी खोलीत एकदा डोकावून पाहिले आणि उंबऱ्याकडे बोट केले. "पन तू बी आठेच ऱ्हाय."

शाळा सुटल्यावर मुली दप्तरे घेऊन आपापल्या निघून गेल्या. कोणी पडद्याआड थांबली नाही. शेवंताबाई रिकाम्या खोलीत चटया गुंडाळीत बसल्या होत्या. सुनंदाबाईंनी त्यांना घरी नेले. पूल ओलांडताना शेवंताबाई मगनची, मंजुळाची, तोतारामांच्या उपरण्याची नक्कल करीत होत्या, आणि मधेच मागे वळून शाळेकडे बघत होत्या.

त्या रात्री सुनंदाबाईंनी वहीत लिहिले: शेवंताबाई जेवायला होत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. ठेच्यात मीठ जास्त पडले.