पाचवा शनिवार

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे मॅनेजरबाई म्हणतात. नाव मीच ठेवलं. बारा वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून पुठ्ठ्याला घड्या घालतोय आणि खळ लावतोय, तेव्हा तेवढा हक्क मला आहे. तिच्याकडे मॅनेज करायला काय, तर आठवड्याची मजुरी, दोन मुलं आणि एक खोली. नवरा गेला. देवाघरी नाही, दुसऱ्या घरी, आणि तिथे म्हणे मजेत आहे. जाऊ दे, त्याच्यावर जास्त शब्द खर्चायची माझी इच्छा नाही.

आमची मजुरी खोक्यांच्या शेकड्यावर, आणि हातात पडते शनिवारी. मॅनेजरबाईने प्रत्येक शनिवारला काम नेमून दिलंय. पहिला घरभाड्याचा. दुसरा धान्याचा आणि तेलाचा. तिसरा शाळेचा आणि विजेचा. चौथ्यातून, नवऱ्याने जाता जाता हिच्या गळ्यात मारलेल्या कर्जाचा हप्ता जातो, आणि राहिलंच तर साबण आणि औषध. भाजीपाला आणि बसभाडं चारही शनिवारांतून थोडं थोडं ओरबाडायचं. हे ऐकतानाच मला दमायला होतं. ती पाच वर्षं करतेय.

पण वर्षातून चारदा, फार तर पाचदा, एखाद्या महिन्यात पाच शनिवार येतात. त्या पाचव्या शनिवारच्या पैशांवर कुणाचाच हक्क नसतो. नवीन कॅलेंडर आलं की बाकीचे लोक सुट्ट्या बघतात, ही पाचवे शनिवार शोधून त्यांना लाल पेन्सिलीने गोल करते. शेजारीच भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. घरात जे काही मोडतं, फाटतं, दुखतं किंवा हवंसं वाटतं, ते त्या कागदावर ओळीने लिहायचं. पाचवा शनिवार आला की वरचं एक नाव खोडायचं, बाकीच्यांनी थांबायचं. "यादीत लाव," हे तिच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. एकदा मी गेले होते तेव्हा तिचा सहा वर्षांचा धाकटा पडून गुडघा फोडून घेऊन आला आणि भोकाड पसरायच्या आधी त्याने विचारलं, "आई, हे यादीत लावायचं का?" आम्ही हसून हसून बेजार झालो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

यादीत वर्षभर पहिल्या नंबरावर होती ती तिची स्वतःची दाढ. किडलेली, खालची, उजवीकडची. पहिल्या पाचव्या शनिवारी शेगडी बिघडली आणि दाढ मागे गेली. दुसऱ्या वेळी धाकट्याचे बूट पुढे घुसले. तिसऱ्या वेळी खोलीचा पत्रा गळायला लागला. ती एका बाजूने चावायची, दुपारी गालाला हात लावून काम करायची आणि विचारलं तर म्हणायची, "नंबर लागेल गं." मला अशा शहाणपणाचा राग येतो. मी मुकादमाशी भांडते, बसवाल्याशी भांडते, आणि ही स्वतःच्या दाढेला रांगेत उभी करते.

या वेळच्या पाचव्या शनिवारी मात्र मी अडूनच बसले. "आज दाढ भरून घ्यायची. मी येते बरोबर, तू मधूनच पळून जाशील." ती कबूल झाली. अर्धा दिवस भरून, पैसे घेऊन आम्ही निघालो, तर वाटेत तिला आठवलं की थोरलीच्या बाईंनी शाळेत बोलावलंय. थोरली तिची लेक, बारा वर्षांची, उंच, काटकुळी, घरातलं निम्मं काम करणारी. सहामाहीत गणितात नापास झाली होती.

बाईंनी वही उघडून दाखवली. "रीत बरोबर आहे. पण गणितच चुकीचं उतरवून घेते. फळ्यावर सत्तावीस असतं, ही सदतीस लिहिते. हल्ली तर शेजारणीच्या वहीतून उतरवते. तुमच्या मुलीला फळा दिसत नाही, हे तुम्हाला माहीत नाही का?"

मॅनेजरबाईचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "निकाल आला तेव्हा मी तिला धपाटा घातला. डोळे फुटले का तुझे, म्हणाले."

"सगळ्याच आया म्हणतात," मी म्हणाले. खरंच म्हणतात. मीही म्हटलंय.

घरी थोरली भांडी घासत होती. आईने विचारलं, "तुला लांबचं दिसत नाही?"

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "थोडं थोडं दिसतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. यादीत लावलंय."

आम्ही दोघी भिंतीपाशी गेलो. कागदाच्या अगदी तळाशी, पंख्याच्या आणि चादरीच्याही खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: चष्मा. पुढे तारीख. आठ महिन्यांपूर्वीची. मॅनेजरबाई रोज त्या कागदापुढून जायची, पण तिला यादी पाठ होती, त्यामुळे ती वाचत नव्हती.

"अगं, तोंडाने सांगायचं ना!" ती ओरडलीच.

"तुझी दाढ तीनदा मागे गेली," थोरली म्हणाली. "तिच्यापुढे मी कशी घुसणार?"

मॅनेजरबाई खाली बसली. बारा वर्षांत मी तिला इतकी थकलेली बघितली नव्हती, आणि थकलेली तर मी तिला रोजच बघते. "मी काय शिकवलं गं हिला," असं ती मला म्हणाली. मग ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाली, "चप्पल घाल."

दातांच्या दवाखान्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासून झाले. नंबर चांगलाच निघाला. दुकानदार म्हणाला, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण मॅनेजरबाईने माझा हात दाबला. सगळ्यात स्वस्त फ्रेम घेतली, काळी, आजोबांना शोभेल अशी. काचा बसवून मिळेपर्यंत दोन तास आम्ही बाकावर बसलो. ती गालाला हात लावून होती. समोर दवाखान्याची पाटी होती. तिने तिकडे एकदाही पाहिलं नाही.

चष्मा घालून थोरली दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. मला वाटलं, आता ही झाडं बघेल, माणसं बघेल, काहीतरी गोड बोलेल आणि निदान आजचा दिवस तरी बरा जाईल. ती रस्त्यापलीकडे एकटक बघत होती. ओठ हलत होते.

"आई, दवाखान्याच्या पाटीवर दर लिहिलेत. मला इथून वाचता येतंय."

"वा गं माझी बाई," मॅनेजरबाई म्हणाली.

"दाढ भरायचे खूप आहेत. पण दाढ काढायचे त्याच्या पाव पण नाहीत." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "चष्म्यातून उरलेत ना, त्यात बसतंय. काढूनच टाक ना. आजच होईल, सातपर्यंत उघडं आहे."

मॅनेजरबाईने लेकीकडे पाहिलं, त्या आजोबांच्या चष्म्याकडे, आणि हसायला गेली. हसू आलं नाही. तिथेच पायरीवर बसून ती रडली, भर रस्त्यात, येणारे जाणारे बघत असताना. थोरली घाबरली. "आई, दुखतंय का?"

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

मग आम्ही तिघी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि दाढ काढून घेतली.