पिंपळावरची वटवाघळं, कडुलिंबाखालचे वानर

शाळा चौथीतच सुटली. पुढे लग्न झालं आणि मी कोकणातून थेट नागपूरला आले. नवरा हुडकेश्वरच्या एका बागेत पाण्याच्या मोटरीवर कामाला होता. तेव्हा तिकडे सगळी शेतंच. आमच्या खोलीमागच्या पिंपळाला मोठाली वटवाघळं लटकलेली असायची. संध्याकाळी ती उडायची. केसांत अडकतात, तान्ह्या मुलांवर टपून असतात, असं माहेरी ऐकलेलं. दिवे लागायच्या आधीच मी मुलीला घेऊन दार लावून घ्यायचे.

वानरांची मात्र भीती नव्हती. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. दुपारी जामाच्या झाडांवर यायचे. इथे पेरूला जाम म्हणतात. वानर कच्चे जाम चावून फेकायचे, वटवाघळं पिकलेले तेवढे खाऊन चोथा टाकायची. तरी मारुतीचे म्हणून दर शनिवारी मी वानरांसाठी कडुलिंबाच्या बुंध्याशी फुटाणे ठेवायचे. मुलीची झोळीही त्याच झाडाला बांधलेली.

एका शुक्रवारी दुपारी धुणं वाळत घालून वळले, तर एक थोराड वानर झोळीपाशी. बुंध्याशी काहीच नव्हतं. त्यानं झोळीचा काठ ओढून आत डोकावलं. मुलगी रडायला लागली, तसे त्यानं दात दाखवले. मी काठी उचलली.

"काठी खाली ठेव वं," शेजारची माळीणमावशी मागून हळूच म्हणाली. "त्याच्या डोयात पाहू नको."

तिनं हातातली भाकर मोडून एक तुकडा लांब फेकला. वानर हलेना. दुसरा आणखी लांब. मग त्यानं काठ सोडला. मी धावत जाऊन मुलीला उचललं.

"तूच बोलावून राहिली न त्याले," मावशी म्हणाली. "त्याले शनिवार समजत नाही, झाड समजते. अन् त्या चमगादडाले काहून भेते? त्यानं काय केलं तुले?"

संध्याकाळी तिनं मला ओढून बाहेर नेलं. पिंपळावरून एक वटवाघूळ उडालं, छातीला पिल्लू चिकटलेलं. मी पाहिलं, पण मुलीवरचा पदर काही काढला नाही.

झोळी आत आली. संध्याकाळी लावायचं दार मी आता दुपारीही लावू लागले. मावशी दुपारी माझ्या उंबऱ्यावर येऊन तांदूळ निवडत बसायची, आणि तिच्या सुपाचा आवाज असेपर्यंतच माझा डोळा लागायचा.