जिजीच्या जागी

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, मैत्रिणीच्या घरी पूजा आहे, जाऊ का, आणि गेले तर कुठपर्यंत जाऊ. तेवढ्यात फोन तुटला आणि नंतर तुमच्याकडे रात्र झाली. दोन शब्दांत देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतंही. म्हणून यंदाच्या आखाजीला काय झालं ते लिहून पाठवते. सावकाश वाचा.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकी ठिकाणी त्या दिवशी सोनं घेतात, आपल्या खानदेशात मात्र तो पितरांचा दिवस. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरोघरी पाण्याने भरलेली घागर मांडून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. मग गेलेल्या माणसाच्या वयाच्या, त्याच्याशी जुळणाऱ्या कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. त्या दिवसापुरतं ते माणूस म्हणजे घरचं पितर. त्याच्या तोंडाने आपलं गेलेलं माणूस जेवतं.

जिजी तुम्हाला आठवत असेल. पिंप्राळ्यात आपल्या घराला लागून बट्टी मावशीचं घर आहे, जिच्याकडे सुट्टीत वरण-बट्टी खाऊन तुम्हीच तिला हे नाव दिलंत. तिची सासू म्हणजे जिजी. धुळ्याकडच्या खेड्यातली, सगळा जन्म शेतात गेलेली. मी भुसावळला नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. आम्हा दोघींत वयाशिवाय सारखं असं काही नव्हतं. तुमचे आजोबा गेले त्या आठवड्यात ती दुपारी आली, व्हरांड्यात बसली, सुपारी कातरली आणि एक शब्द न बोलता चार वाजता उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. तेव्हापासून आमच्या दुपारी एकत्र गेल्या, कधी तिच्या ओट्यावर, कधी माझ्या व्हरांड्यात.

एकदा गुड फ्रायडेला ती साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, ताट भरून, वर लिंबाची फोड. "उपास शे ना तुना? मंग खाय." मी सांगितलं की आमच्या उपासात न खाणंच असतं, एक वेळचं साधं जेवण काय ते. ती ताटाकडे बघत राहिली. म्हणाली, "तुना देव कडक शे, माय." पुढच्या वर्षी तिने खिचडी आणली नाही. माझ्यासारखी तीही काही न खाता बसली आणि संध्याकाळी सुनेला सांगितलं, "ख्रिश्चन व्हनं मले नही जमाव."

मागच्या दिवाळीच्या आधी ती गेली, दुखणं न काढता.

यंदा ईस्टर झाल्यावर बट्टी मावशी कुंपणाच्या भिंतीपाशी आली. ती मला टीचर म्हणते, सगळी कॉलनीच म्हणते. "टीचर, आखाजीला आमच्याकडे जेवायचं. जिजी सांगून गेलीये. म्हणाली, पहिली आखाजीले इलेच बलावा, रोज मना जोडे हाईच बठस."

रोज माझ्याजवळ हीच बसते, म्हणून हिलाच बोलवा. मी भिंतीवरून तिचा हात धरला. म्हटलं, येईन की, त्यात विचारायचं काय. मला वाटलं, जिजीच्या आठवणीने चार माणसं जेवणार आणि त्यांत मी एक.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा मावशी पुन्हा आली आणि सांगू लागली. सकाळपासून काही खायचं नाही, पितर पाटावर बसेपर्यंत उपाशी असतं. साडी फिक्या रंगाची, जिजी नेसायची तशी. आधी पाय धुवायचे, मग गंध, मग सगळे पाया पडतील, मोठे दीर मुंबईहून येणार तेही. "तुम्हाला काही करायचं नाही. 'जिजी, जेव' म्हटलं की हो म्हणायचं आणि जेवायचं."

म्हणजे मी पाहुणी नव्हते. मी जिजी होते. आणि मी हो म्हणून बसले होते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. मलाही वाटलं, गुपचूप बसावं, मनात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावं आणि जेवून यावं, कुणाला काय कळणार. पण आपण गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, त्यांना देवाच्या हाती सोपवतो. त्यांच्या जागी बसून कुणाचा नमस्कार घेत नाही. 'सोंग' असा शब्द मनात आला आणि मी तो लगेच काढून टाकला, कारण त्या घराला ते सोंग नव्हतं. साठी गाठत आलेले दीर खरोखर आपल्या आईपुढे वाकणार होते. तिथे मी मनात दुसरंच काही ठेवून बसायचं, हे मला नकारापेक्षा वाईट वाटलं. माझ्या धर्माचा प्रश्न होताच, पण त्यांच्या धर्माचाही होता.

नकार द्यायचा तर दुसरी अडचण. पहिली आखाजी, म्हातारीची शेवटची इच्छा, आणि ठरलेलं पितर पाटावरून मागे सरलं म्हणजे जिजी उपाशी राहिली, असं मावशी धरून चालली असती. तुमचे आजोबा गेल्यावर या गावात मला जे घर उरलं ते भिंतीपलीकडचंच. ते मला गमवायचं नव्हतं. ताप आल्याचं कळवावं असाही विचार केला. या वयात तो सगळ्यांना पटतो.

मी फादरना फोन केला. ते तरुण आहेत, कर्नाटकातले, मराठी अजून जपून बोलतात. ऐकून घेऊन म्हणाले, "आंटी, जेवायला नक्की जा. प्रेमाने जेवा. पण त्यांच्या जागी बसू नका. आणि खरं कारण सांगा." कसं सांगायचं, विचारलं. म्हणाले, "ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल." एवढ्यावर फोन ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेले. सवयीप्रमाणे काय बोलायचं ते मनात इंग्रजीत जुळवून घेतलं होतं, मुद्देसूद. मावशी स्वयंपाकघरात खाली बसून पुरण वाटत होती. कोपऱ्यात नव्या घागरी उपड्या ठेवल्या होत्या. मुद्दे सगळे उंबऱ्याबाहेर राहिले.

"या टीचर. चहा ठेवू?"

"नको. मी उद्या जेवायला येणार आहे. पण जिजी म्हणून पाटावर नाही बसता येणार मला."

तिचा हात थांबला. "कुणी काही बोललं तुम्हाला? असोद्याच्या काकू?"

"कुणी नाही. माझ्या धर्मात ते बसत नाही."

"आमचा पाट चालत नाही तुम्हाला?"

हाच प्रश्न येईल याची मला भीती होती, आणि तो पहिलाच आला. म्हटलं, "पाट चालतो. तुझं जेवण चालतं, इतकी वर्षं जेवलेच आहे. मला जिजी होता येत नाही. तुम्ही सगळे जिजीच्या पाया पडाल आणि तिथे आपली मीच असेन. मला ते आतून खरं वाटणार नाही, आणि तुला न सांगता बसले तर मी तुला फसवलं असं होईल."

ती पुन्हा वाटायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, हाताला पुरण, म्हणून दंडाने पुसत होती. "तिचं एवढं एक तरी ऐकावं म्हटलं. जिवंतपणी काय ऐकलं मी तिचं?"

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

वाटता वाटता तिने विचारलं, "तुमच्यात गेलेल्या माणसाला जेवू घालतच नाहीत?"

"नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा होते."

"जिजीसाठी केली कधी?"

"रोज करते. आणि नोव्हेंबरात मिस्साही झाली. आमचा तो महिना गेलेल्यांसाठीच असतो."

आता ती पूर्ण थांबली. "आपल्या जिजीच्या नावाने? मला बोलला नाहीत ते."

"तू रडली असतीस."

"रडलेच असते. फादरांनी नाव घेतलं तिचं? मोठ्याने?"

"माइकवर."

ती रडता रडता हसली. "माइकवर. बाई गं. गावात आरतीला एकदा आपलं नाव घेतलं नाही म्हणून महिनाभर धुसफुसत होती ती."

मग वाटलेलं पुरण परातीत काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय तरी धुवू द्याल? तुमच्यात पण धुतात ना. मागे तुम्हीच सांगितलं होतं."

धुतात हे खरं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात. ते मी कधी सांगितलं होतं हे मला आठवतही नव्हतं. थोडा विचार केला आणि म्हटलं, "धू. पण माझे म्हणून धू. जिजीचे म्हणून नको."

"तुमचेच," ती म्हणाली. "रोज तिच्याजवळ बसलात, त्याचे."

मला हायसं वाटलं. आणि तिचाही चेहरा मोकळा झालेला पाहून मी चकित झाले. हात धुऊन चहा ठेवताना तिने कारण सांगितलं. असोद्याच्या काकू, म्हणजे जिजीची चुलत जाऊ, मला बोलावल्यापासून रुसून बसल्या होत्या. पितर भाऊकीतलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फोन उचलत नव्हत्या.

"म्हणजे तूही सुटलीस," मी म्हटलं.

"सुटले कसली? आता त्यांचे पाय धरून आणावं लागेल. जिजीपेक्षा वरचढ आहेत."

दुसऱ्या दिवशी काकू पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, फिकी साडी नेसून आल्या. घागर मांडली, निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास पडला, धूर झाला. काकू पाटावर ताठ बसल्या. मोठे दीर वाकले तेव्हा मी मागे दाराजवळ उभी राहून माझ्या पद्धतीने जिजीसाठी प्रार्थना केली. कुणाला ते खटकलं नाही. काकूंनी रशीत, म्हणजे आमटीत, पोळी बुडवून पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी शे." जिजी रोज पहिल्या घासाला हेच म्हणायची. मग मोठे दीरच आधी हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल काढला. जिजी जेवून गेली याबद्दल त्या घरात कुणाच्या मनात शंका उरली नाही.

पंगत उठल्यावर मावशी मला मागच्या दाराशी घेऊन गेली. नळाजवळच्या फरशीवर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. गंध नव्हतं, ताम्हन नव्हतं, स्वयंपाकघरातला तांब्या आणि खांद्यावर पंचा. गुडघे दुखतात म्हणून ती खालच्या पायरीवर बसली आणि माझा उजवा पाय हातात घेतला. पाणी ओतलं, चोळला, मग टाच उलटी करून पाहिली.

"टीचर, किती फुटल्यात टाचा. व्हॅसलिन लावत नाही का तुम्ही?"

पितराला असं कुणी बोलत नाही. मी म्हटलं, लावते उद्यापासून, आणि दुसरा पाय पुढे केला.